१२६० वरचा खड्डा

५ फेब्रु. १९६२, सोम.
हात तीनदा धुतले, वास जाईना. अक्का म्हणाली, "कणकेला हात लावशील तर खबरदार! तिकडे बस स्वल्प." थोरली बहीण, मल्लेश्वरमचं घर तिचं, बोलण्यात कानडी शिरलेलं. बसले तिकडे.

चार महिने भट्टीत अमोनिया सोडून सोडून ही तपकिरी भुकटी केली. फॉस्फरस नायट्राइड. मेली सोनं विरघळवणाऱ्या आम्लराजातसुद्धा विरघळत नाही. त्यामुळे आत कोण कुणाला कसं धरून बसलंय हे कळायला इन्फ्रारेडचा आलेख तेवढा उरतो. त्यात १२६० या तरंगसंख्येवर खोल, टोकदार खड्डा. सर, माझे मार्गदर्शक, म्हणतात, हाच फॉस्फरस-नायट्रोजनचा दुहेरी बंध, असा स्वच्छ कुणी दाखवला नाही. लेख तयार. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. मी बेळगावला घरी पत्रसुद्धा टाकून बसले, नाव छापून येणार म्हणून.

९ फेब्रु., शुक्र.
डेसिकेटरचं, म्हणजे भुकटी कोरडी ठेवायच्या काचभांड्याचं, झाकण सरकवलं, भुकटीची बशी काढताना काठाला घासली. बशीला ग्रीसचा लपका. दर वेळी असंच झालं असणार! ओल शिरू नये म्हणून काठाला ग्रीस लावायचं, सरांचा हुकूम: परदेशी ग्रीस आहे, हात आखडू नकोस. मी आपली थापतेय चार महिने, गोवऱ्या थापाव्यात तशी. ग्रीस सिलिकोनचं. त्याचा खड्डा कुठे येतो, पुस्तकात पाहिलं.

१२६०.

जेवले नाही.

१२ फेब्रु., सोम.
भुकटी बेंझीनमध्ये धुतली, वाळवली, टिकली दाबून आलेख काढला. टोकदार खड्डा गायब. १२०० च्या आसपास एक रुंद, मंद घळ तेवढी राहिली. ती आमची खरी. तिच्यावरून दुहेरी बंध म्हणायची माझी छाती नाही.

१३ फेब्रु., मंगळ.
सरांना दोन्ही आलेख दाखवले. ग्रीसचं सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, "बेंझीननं बंध तुटला असेल."

आम्लराजाला दाद न देणारी भुकटी बेंझीननं तुटली! लाज नाही वाटत? वर म्हणे, "तुझा प्रबंध याच बंधावर उभा आहे. जूनमध्ये द्यायचाय ना?"

शेजारच्या टेबलावरची सरोजा म्हणाली, "सरी बिडु, सोड. सही कर आणि सुट. कोण बघतंय?" शी! आणि मला क्षणभर ते पटलंही. त्याचीच जास्त शिसारी.

१७ फेब्रु., शनि.
आज हट्टानं नुसतं ग्रीस मिठाच्या चकतीवर फासून आलेख काढला. भुकटीचा कणही नाही. म्हटलं आता तरी डोळे उघडतील. टेबलावर ठेवला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी उचलला, १२६० वर बोट ठेवलं.

"भले! या वेळी नमुना एकदम शुद्ध आलाय. आकृती म्हणून हाच देऊ."

बाकीचे खड्डे, त्या भुकटीत असूच शकत नाहीत असे, शेजारीच होते. पाहिलेसुद्धा नाहीत. मी "सर, हे तर..." म्हणाले, तेवढ्यात फोन वाजला. ते बोलत राहिले. मी दोन मिनिटं उभी राहिले आणि बाहेर आले. फोन संपेपर्यंत थांबता आलं असतं. थांबले नाही. थू माझ्यावर.

१९ फेब्रु., सोम.
अक्काला सांगितलं. तिला रसायनातलं ओ की ठो कळत नाही. म्हणाली, "म्हणजे ताटात भात नाहीच, नुसतं ताटाला लागलेलं तूप दाखवायचं?" हो, अक्का. तेच.

मग म्हणाली, "आणि ते तूप तूच लावलंस ना?"

२० फेब्रु., मंगळ.
प्रयोगशाळेत. आकृत्या शाईनं गिरवायचं काम कायम माझंच, अक्षर चांगलं म्हणून. ट्रेसिंग कागदावर त्या ग्रीसच्या आलेखाची रेघ सुरेख आली. हात जरासुद्धा हलला नाही, याचंही वाईट वाटतंय. खाली "आकृती १ :" लिहिलं. पुढे पदार्थाचं नाव यायचं: भुकटीचं, की ग्रीसचं.

सर शाईची अक्षरं पुन्हा वाचत नाहीत. चार वाजता पाकीट बंद करून टपालात. लेखावर माझंही नाव आहे.

साडेतीन झाले. टाक भरून ठेवलाय.