कैसर आमच्या गावचा प्रमुख

मार्च, पहिला दिवस

भिंतीवर माझं नाव लागलं! लाल रंगात, वीतभर अक्षरं — ‘पाववाले आणि हेल्पिस म्हणतात, क्रेसेन्सला प्रमुख करा.’ बायकांना मत नाही, पण भिंतीला कोण अडवतंय! सकाळपासून तीनदा त्या गल्लीतून गेले. तिसऱ्यांदा रंगारी म्हणाला, “आजी, रंग वाळू तर दे.”

माझा नातू क्रेसेन्स गावचा प्रमुख! हिलारसला, म्हणजे त्याच्या बापाला, हे कधी जमणारच नव्हतं. एवढी मोठी भट्टी चालवतो, रोमच्या बादशहाच्या, कैसरच्या वेदीवर धूप घालणाऱ्या सहा जणांत त्याचा मान — पण जन्म गुलामीतला, माझ्यासारखाच. म्हणून सभेत बसायला बंदी. क्रेसेन्स आम्ही सुटल्यावर झाला. स्वतंत्र बाळ! मागच्या साली बाजार-रस्त्यांचं काम पाहिलं त्यानं, नाव काढलं. प्रमुखांच्या खुर्च्या दोन, उभे तिघं, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. म्हणजे झालंच की!

मार्च, इदेसच्या, म्हणजे महिन्याच्या मधल्या दिवसाच्या आधी पाचवा दिवस

बाईसाहेबांना नमस्कार करून आले. माझ्या जुन्या मालकीण. मला मोकळं करून तीस वर्षं झाली, तरी सणावाराला जावं लागतंच. त्यांचा नातू केलेरही उभा आहे. म्हणतात कशा — “अगं हेल्पिस, तुझ्या नातवाचं बरंय. मतं मागायला निघताना झग्याला खडू नको लावायला. पिठानंच पांढरा झालेला असतो.”

मी म्हटलं, “हो ना बाईसाहेब. खडू विकत आणावा लागतो, पीठ घरचं असतं.”

इतक्या हसल्या की ठसका लागला. मग मीच पाठ चोळली. दोघींची वयं झाली, भांडायलासुद्धा आता एकमेकींशिवाय कोण आहे?

मार्च, इदेस

हा मेला केलेर! सभेत उठला आणि म्हणाला, “यंदाचं प्रमुखपद आपण कैसरलाच देऊ या.” आता याला नाही कोण म्हणणार? सगळ्यांचे हात वर. क्रेसेन्सचासुद्धा!

घरी आल्यावर मी क्रेसेन्सला म्हटलं, “अरे, पण तो इथं येऊन बसणार का?”

“नाही गं आजी. तो रोमलाच. त्याच्या जागी तो कुणाला तरी नेमतो. आणि तो नेमलेला एकटाच कारभार पाहतो, जोडीदार नसतो.”

“म्हणजे दोन खुर्च्यांची एक झाली? आणि मतं?”

“मतं नाहीत यंदा.”

माझी भिंत फुकट गेली! “आमची गटारं कुठून तुंबतात हे त्या कैसरला काय ठाऊक?” म्हटलं, तर हिलारस दार लावायलाच धावला. “आई, हळू!” हळू काय हळू. रोममध्येही म्हणे सभा भरते, दरसाल दोन मोठे अधिकारी निवडतात, सगळं अगदी पूर्वीसारखं. फक्त विचारायचं एकालाच.

क्रेसेन्स हरभरे खात बसला होता. उकडलेले, सालासकट, मूठमूठ. फिलेरोस असा खायचा नाही. एकेका दाण्याचं साल काढून द्यावं लागे, नाहीतर तोंड घट्ट. माझा थोरला. सात वर्षांचा असताना धनीसाहेबांनी, बाईसाहेबांच्या नवऱ्यानं, रोमच्या एका माणसाला विकला. हिलारस तेव्हा मांडीवर होता. त्रेचाळीस वर्षं झाली. कुठल्याशा खाणीत गेला असेल, नाहीतर — असो. काय लिहीत होते मी?

मार्च, इदेसनंतर दुसरा दिवस

कैसरच्या जागी बसवायला रोमला दोन नावं जाणार, केलेर आणि क्रेसेन्स. कैसरच्या कचेरीत ठरेल. मी मधाच्या वड्या घेऊन सभेच्या कारकुनाकडे गेले. म्हटलं, “क्रेसेन्स, हिलारसचा मुलगा — एवढंच? पुढे लिही, आणि हिलारसच्या आईचं नाव हेल्पिस.”

“आजीबाई, तिथं बापाचं नाव घालतात. आजीचं कुणी घालतं का?”

“भिंतीवर चालतं, मग पत्रात का नाही?”

चौथ्या वडीला लिहिलं बिचाऱ्यानं. वाचूनही दाखवलं. माझं नाव कैसरच्या घरी चाललं! क्रेसेन्सला कळल्यावर त्यानं कपाळावर हात मारला — “आजी, सगळी कचेरी हसेल गं मला!”

एप्रिल, पहिला दिवस

उत्तर नाही. रंगाऱ्यानं माझ्या नावावर चुना फासला. तरी लाल दिसतंच थोडं. मी बघून आले.

मे, पहिला दिवस

स्वार आला काल. खुर्ची केलेरला गेली. क्रेसेन्स उठून भट्टीत लाकडं सारायला लागला. बाईसाहेब स्वतः पालखीतून आल्या — “वाईट वाटून घेऊ नकोस हो, हेल्पिस.” मी त्यांचा मुकाच घेतला! हिलारसला वाटतंय म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

स्वारानं माझ्यासाठी वेगळी पाटी आणली होती. कैसरची पत्रं जो पाहतो, त्याची. अक्षर कसं सुरेख! — ‘हिलारसची आई हेल्पिस जिवंत असेल, तर तिला विचारावं, हरभऱ्याची सालं अजून काढते का. इदेसला येतो. फिलेरोस.’

इदेसला अजून चौदा दिवस आहेत. तरी हरभरे भिजत घातले.