थंडीत पेट्रोल कुठे जातं

तीर्थरूप अण्णा,

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवू नका. मी बरा आहे. उजवा हात गळ्यात बांधलाय, म्हणून अक्षर वाकडं.

थंडी पडल्यापासून मी चालवतो ती मालकाची व्हॅन जास्त पेट्रोल प्यायला लागली. त्याला वाटलं, मी चोरून विकतो. त्याने जॅकच्या दांड्याने बडवलं. एक दात गेला, पण मागचा आहे, दिसत नाही. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो, तेव्हा सुटलो.

मग त्याने स्वतः गाडी चालवून पाहिली. तरी टाकी तशीच रिकामी. गॅरेजवाला म्हणाला, थंडीत ऑइल घट्ट होतं, टायरमधली हवा कमी होते, आणि जवळच्या फेऱ्यांत इंजिन नीट तापायच्या आतच आपण गाडी बंद करतो. पेट्रोल त्यातच जातं. मालक तिथूनच घरी गेला.

आईचे गुडघे कसे आहेत?

अण्णा, आपली टॅक्सी चालवणाऱ्या मिशीकाकांना तुम्ही पेट्रोलचोर म्हणून कमरेच्या पट्ट्याने फोडून काढलंत, तेव्हाही थंडीच होती. त्यांचं घर तुम्हाला माहीत आहे. मी यायच्या आत जाऊन या. जाताना पट्टा घरी ठेवा.

तुमचाच,
धाकटा