सासूबाईंच्या फोटोला हार

मंगळवार, दहिवली

आज पकडले गेले. महिनाभर माझ्या घरगुती मसाल्याच्या वेबसाइटकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. गेल्या आठवड्यात सासूबाईंचा फोटो टाकला, मोबाइलवरच त्याला हार घातला आणि खाली लिहिलं, ‘कै. सासूबाईंच्या आठवणीतला मसाला’. लोक तुटून पडले. मेलेल्या माणसाच्या हाताला जास्त चव असते, त्याला मी काय करू?

आज खोपोलीहून नणंद तणतणत आली. “माझ्या जित्या आईला मारलंस?” सासूबाई पडवीत मिरच्या भाजत होत्या. त्यांनी तिच्या हातातला फोन घेतला आणि तो हार बराच वेळ बघितला.

“किती माणसं आली गं बघायला?”

“दोनशे.” लाज वाटली का? खरं सांगायचं तर नाही. अभिमानच वाटला.

“तुजा सासरा गेला तवाबी एवढी नव्हती.”

मग त्यांनी उलथणं खाली ठेवलं. “आता मसाला तूच कर. मेलेली बाई कुठं मिरच्या भाजती?”

परवा सगळ्या ऑर्डरी द्यायच्यात. म्हणाले, “आई, हार आत्ता काढते, पण प्रमाण तरी सांगा.”

“तूच लिवलंस ना, आठवणीतला मसाला? मग आठव.”