तुझ्या जागी बेस

रविवार, ९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज. वरच्या मजल्यावरच्यांनी एकदाचा नळ दुरुस्त केला, आपल्या बाथरूमचं छत गळायचं थांबलं. औषधाच्या दुकानात मला आता सकाळची पाळी मिळालीय. मालक परवा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "डॉक्टरांचं अक्षर लावावं तर हिनंच." तेवढंच कौतुक, पगार आहे तिथंच.

तुझं मनगट कसं आहे? छापखान्यात उचलाउचल करावी लागत नाही ना?

फोन केला असता, पण हल्ली फोनवर तुला माझा आवाज तुटक येतो. आईचा बरोबर येतो. म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी की मी गिटार सोडून बेस घेतला. आईला सांगितलं, "आई, मी बेस घेतेय," तर म्हणाली, "बेस झालं! पण काय घेतेयस?" तुला हे फोनवर सांगून हसवायचं होतं. राहून गेलं.

मनगटापायी बेस सोडून तू छापखान्याच्या नोकरीला गेल्यावर आम्ही बँडसाठी बेसवाला खूप शोधला. एक आला तो चांगला वाजवायचा, पण गाणंही त्यालाच म्हणायचं होतं आणि गळा म्हणशील तर देवाची करणी. दुसरा पहिल्या तालमीला उशिरा आला आणि दुसरीला आलाच नाही. शेवटी ढब्बू ड्रमच्या मागून म्हणाला, "गिटारवाले गल्लोगल्ली आहेत. बेसवाला दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही. तूच बेस घे, गिटारला माझ्या ओळखीच्या बाई आहेत."

मला राग आला. इतकी वर्षं गिटार वाजवून आता दोन तारा कमी घेऊन मागं उभी राहू? पण त्या बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवतात, शांत आहेत, आणि वाजवतात माझ्यापेक्षा सफाईनं. खोटं कशाला सांगू? मग मीच म्हटलं, घेते बेस. तुझी जागा निदान घरातच राहील, असंही मनात आलं होतं. तुझं मनगट बरं झालं की बेस तुझ्या हातात देऊन मी बाजूला होणार होते. हे कुणाला बोलले नव्हते. आता बोलले.

तर गेल्या शनिवारी आपल्या नेहमीच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार काका खूश झाले. आधीच सांगितलं, "काका, खिसा बघून दाखवा." तरी त्यांनी पहिल्यांदा पाच तारांचा लाल भडक बेसच काढला. गळ्यात घातला तर खांदा खाली गेला आणि हात सोडल्याबरोबर त्याची मान जमिनीकडे झुकली. म्हणजे डाव्या हातानं सूर दाबायचे की दांडा सावरायचा? तो ठेवून दिला. दुसरा आखूड दांड्याचा होता. बोटं सहज पोचायची, अगदी गिटारसारखा. पण जाड तार मोकळी वाजवली की आवाज ढिला यायचा, ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा. कदाचित ताराच जुन्या असतील. काका म्हणाले, "गिटारवाल्यांना हाच आवडतो, सवयीचा वाटतो." मला वाटलं, सवयीचंच हवं असतं तर गिटार होतीच की.

तिसरा तपकिरी, चार तारांचा, कुणीतरी वापरून विकलेला. दोन बटणं, बॅटरी नाही, कोपऱ्यावर रंग उडालेला. तू शिकवलं होतंस तसं एक डोळा मिटून दांडा सरळ आहे का पाहिलं. प्रत्येक पट्टीवर प्रत्येक तार दाबून पाहिली, कुठं खरखरत नव्हती. वायर हलवून पाहिली, आवाज तुटत नव्हता. आणि मग मी गिटारवालीसारखी सुटले, भराभरा सुरांची गर्दी केली. काकांनी कानावर हात ठेवले. "अहो ताई, सावकाश! मिरवणूक निघाल्यासारखं काय वाजवताय?" मी हसले. एकच सूर वाजवला आणि थांबले. दुकानाची काच थरथरली. छान वाटलं, दादा. खूप दिवसांनी छान वाटलं.

तेवढ्यात काका म्हणाले, "तुम्ही तासाभरात ठरवलंत. तुमच्या भावानं दोन दिवस डोकं खाल्लं होतं, तेव्हा कुठं त्या हॉटेलच्या कामासाठी नवा बेस नेला."

मी विचारलं, "कुठल्या हॉटेलच्या?"

"असं काय करता? समुद्रकाठचं ते मोठं हॉटेल. वर्षाचा करार झालाय ना त्याचा? तिथल्या बँडचे मास्तर इथंच आले होते, तुमची चौकशी करत. तुमचा कॉलेजातला कार्यक्रम ऐकला होता त्यांनी. गिटार आणि बेस, दोघं भावंडं हवी होती त्यांना. तुमचा भाऊ म्हणाला, ती येणार नाही, तिला आईला सोडवत नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आईचं बघायलाच हवं कुणीतरी."

मी म्हणाले, "हो ना."

काय करणार होते? बेस गळ्यात होता. दुकानदारासमोर, माझ्याच भावानं माझ्या नावावर काय सांगितलंय ते मला ठाऊक नाही, असं म्हणायला जीभ वळेना. बेस काढून ठेवला, "उद्या येते" म्हटलं आणि चालत घरी आले. बस समोरून गेली, तिला हात करायचंही सुचलं नाही.

डॉक्टरांची गिचमिड वाचणारी मी. तुझा चेहरा मला वाचता आला नाही.

मी रोज संध्याकाळी औषधाच्या दुकानातून येऊन तुझ्या मनगटाला मलम चोळायची. आई गरम पाण्याची पिशवी धरायची. तू "आई गं" म्हणायचास, कुठं दुखतंय ते बोटानं दाखवायचास, आणि बोट रोज त्याच जागी असायचं. तुझा जड स्पीकर ढब्बूनं एकट्यानं तीन जिने खाली नेला, त्याची पाठ धरली, तरी तो तुलाच म्हणत होता, "तू हात लावू नकोस, बाबा." आणि तू जाण्याआधीच्या शेवटच्या कार्यक्रमाला खाली पहिल्या रांगेत बसून रडलास. मी वर वाजवता वाजवता रडत होते, माझा भाऊ आता कधी वाजवणार नाही म्हणून. तू कशासाठी रडत होतास, दादा? मला खरंच समजत नाही. नवा बेस तेव्हा कुणाच्या घरी ठेवला होतास?

जेवताना आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला धक्का बसेल. ती ताटातला घास चिवडत राहिली. मग म्हणाली, "त्यानं मला सांगितलं होतं."

"मनगटाचं ते नाटक?"

"ते नव्हतं माहीत. त्या मास्तरांचं. तुला बोलावलंय ते. म्हणाला, आई, तू काळजी करू नकोस, मी तिच्या कानावरच घालत नाही."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"तू गेली असतीस गं," आई म्हणाली. "विचारलं असतं तर तू गेली असतीस."

मी ताट सरकवून उठले. आईवर मी त्या दिवसापासून ओरडलेली नाही. तिचं वय झालंय, एकटं राहायची भीती वाटते, ती बोलून दाखवायची लाज वाटते. तिला मी समजू शकते. आम्ही दोघी एका घरात आहोत, भांडू, अबोला धरू, पुन्हा चहा करू. तुझ्याशी मला भांडताही येत नाही, कारण तू फोनवर छापखान्यातल्या शाईच्या वासाबद्दल बोलतोस.

आईसाठी केलं, असं तू म्हणशील. मग तू का नाही राहिलास? दोघांपैकी एकानं आईजवळ राहायचं, ही गोष्ट ठरवायला दोघं लागतात. तू एकट्यानं ठरवलीस, आणि स्वतःला जाणारा केलंस. वर मी नोकरी, घर आणि तालीम सांभाळून तुला फळं पाठवत होते, परगावी दुखऱ्या हातानं याचे हाल होत असतील म्हणून.

आणि ऐक. मी गेले असते की नाही, मला माहीत नाही. आठवडाभर हाच विचार करतेय. कदाचित आईकडे पाहून मी स्वतःच नाही म्हटलं असतं. तुला आनंदानं स्टेशनवर सोडायला आले असते, लाल डोळ्यांनी का होईना. पण ते 'नाही' माझं असतं. तू ते माझ्या तोंडून काढून घेऊन स्वतःच देऊन आलास.

दुसऱ्या दिवशी जाऊन तो तपकिरी बेस घेतला. तुझी जागा धरून ठेवायला नाही. मला तो आवाज हवा होता. बोटांना फोड आलेत, मनगटही दुखतं. माझं खरंच दुखतं. ढब्बूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझी पाठ अजून दुखते," आणि काठ्या उचलून ताल धरला. परवा एका ऑफिसच्या समारंभात आम्ही तिघं वाजवून आलो. मी दोनदा चुकले, एकदा गाणं संपल्यावरही वाजवत राहिले. बाईंनी मागं वळून डोळे मोठे केले. लोकांना वाटलं, गाणं तसंच आहे.

सुट्टीत तू घरी येशील. ये. घर तुझंही आहे, आई वाट पाहते. तालमीच्या खोलीत मात्र येऊ नकोस.

आणखी एक. मास्तरांचा पत्ता मी काकांकडून घेतला आणि त्यांना कालच कळवलं की बोलावणं माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि तो नकार मी दिलेला नव्हता. काम मागितलेलं नाही. तुझ्याबद्दल वाईट शब्द लिहिलेला नाही. फक्त म्हटलंय, यापुढे माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. ते तुला बोलावून घेतील तेव्हा तू काय सांगायचं ते तुझं तू बघ. त्यांच्यासमोर तुला मान खाली घालावी लागेल, याचं मला वाईट वाटतंय. तरी पत्र टाकलं.

उत्तर दिलंस तर मला दे. आईच्या हाती निरोप पाठवू नकोस.

इथून पुढे आपलं उत्तर आपणच देणारी,
तुझी बहीण