कललेला त्रिकोण

सुरत, १४ जून १९९६

प्रिय वर्षा,

कला महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या मुलाखतीत तुझी चित्रं बाजारातल्या साडीची नक्कल ठरवली आणि ती तुझीच असल्याचा पुरावा सोमवारपर्यंत आणायला सांगितलं, हे आज सरलाबाईंनी, तुझ्या आईने, शाळेत येऊन सांगितलं. म्हणून लिहिते आहे. पत्र पुरतं वाच, मग फाडायचं तर फाड.

चार वर्षांपूर्वी तू नववीत होतीस. बाकीच्या मुली संकल्पचित्रात कमळं आणि मोर कोंबायच्या. तू पट्टी धरून काळे चौकोन काढलेस, मधे भरपूर जागा कोरी सोडलीस आणि कोपऱ्यात एक लाल त्रिकोण, तोही कललेला, चौकटीची रेघ ओलांडून गेलेला. मी तो कागद वर्गाला दाखवला. "हिला खिडकीची जाळी करायची होती, पण माप चुकलं." मुली हसल्या. तू उभी राहून म्हणालीस, "बाई, तो सरळ केला की सगळं थांबतं." मी लाल शाईने शेरा मारला: समतोल नाही, पुन्हा काढा. तू आणखी दोनदा काढलंस, दोन्ही वेळा त्रिकोण कललेलाच. मुलगी उद्धट आहे, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगून आले.

तू काय करते आहेस ते मला कळत होतं. पासष्ट साली कॉलेजात आमच्या सरांनी तशाच चित्रांच्या छापील प्रती दाखवल्या होत्या. नुसते चौकोन, पट्टे, वर्तुळं. फूल नाही, माणूस नाही, तरी नजर हलत नव्हती. मी महिनाभर तसं काढून पाहिलं. माझे चौकोन चौकोनच राहिले. मग नोकरी धरली आणि पंचवीस वर्षं मुलींना आंबे रंगवायला शिकवलं.

तुझे कागद प्रदर्शनासाठी म्हणून मी ठेवून घेतले. प्रदर्शन झालंच नाही. पुढच्या वर्षी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कापड मिलचे भाईदास शाळेत आले. त्यांना साडीवर "कुछ मॉडर्न" हवं होतं. मी तुझ्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवला, रेघन् रेघ उतरवली आणि खाली माझं नाव घातलं. साडी चालली. भेस्तानपासून कडोदऱ्यापर्यंत बायका ती नेसून हिंडल्या. शाळेने माझा सत्कार केला तेव्हा ती साडी टेबलावर पसरून ठेवली होती आणि तू दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही.

आता तू तेच चित्र आठवणीतून पुन्हा काढून मुलाखतीला नेलंस, आणि चोर ठरलीस. तुझी आई म्हणाली, "कुठून घेतलं असं त्यांनी तीनदा विचारलं, पोर काही बोलनीच नही." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगा, मनी पोर चोर शे का?" मी म्हटलं, "चौकशी करते." आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तिने माझे आभार मानले, वर्षा. चोराचं नाव ठाऊक असून तू ते घेतलं नाहीस, आणि मला तुझ्या आईसमोर माझं स्वतःचं नाव घेता आलं नाही. अजून एक सांगते, ते कुणालाच माहीत नाही. मिलमधला माणूस म्हणाला होता, त्रिकोण सरळ करा, छाप जुळवायला सोपं जाईल. मी करू दिला नाही. वर्गात जे चूक म्हणून हसण्यावारी नेलं, ते मी भांडून तसंच ठेवलं. तेव्हा मला कळलं नव्हतं, ही सबब माझ्याजवळ नाही. चित्र तुझं आणि नक्कल माझी, असं निवेदन लिहिलं आहे, त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना दिली. माझं काय व्हायचं ते होईल. तू सोमवारी जा.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

मालती देवरे

शनिवार, १५ जून. माझ्याजवळ ठेवलेल्या पत्राच्या प्रतीवर नोंद: भेस्तानला घरी जाऊन सरलाबाईंच्या हाती दिलं: वर्षाची मूळ चित्रं तीन, प्रत्येकावर माझा शेरा आणि तारीख, माझं ट्रेसिंग एक, सही केलेलं निवेदन, दोन प्रती, हे पत्र, बंद पाकिटात. वर्षा घरी नव्हती. निवेदनात काय आहे ते वाचून दाखवा, असं सरलाबाई म्हणाल्या. ओट्यावर शेजारणी बसल्या होत्या. उभ्याने, मोठ्याने वाचून दाखवलं.