घड्याळ नसलेला कॉम्प्युटर

३ मार्च, मंगळवार
कॉम्प्युटर आला. ऑफिसातला सर्व्हरवाला टाकून देत होता. मी रीतसर अर्ज करून, साहेबांची सही घेऊन घरी आणला. साबणाच्या वडीएवढा आहे. पंखा नाही, आवाज नाही, मोबाइलच्या चार्जरवर चालतो. त्यावर हलकं लिनक्स टाकायचं (कॉम्प्युटर चालवणारी फुकट प्रणाली, प्रकार अनेक), तो जुन्या टीव्हीला जोडायचा, आणि बाबांची दुरुस्तीची वही मोठ्या अक्षरांत पडद्यावर आणायची. एवढंच.
मुदत २२ तारीख, रविवार, दुपारी तीन. पालिकेचा इंजिनिअर चौकातल्या मनोऱ्याचं घड्याळ बघायला येणार. बाबांनी ते एकतीस वर्षं चालतं ठेवलं. आता चार महिने बंद आहे. त्या दिवशी चाललं नाही, तर यंत्र उतरवून आकडेवालं डिजिटल बसवणार. बाबांचे हात अजून स्थिर आहेत, पण डोळे गेल्यात जमा. स्वतःचीच वही वाचता येत नाही.
वेळ एकोणीस दिवस. काम दोन दिवसांचं. घाई न करण्याचा संकल्प.

४ मार्च
आई म्हणाली, अगं, वही मी वाचून दाखवते की. समजावलं, की प्रश्न वाचण्याचा नाही, बाबांच्या स्वावलंबनाचा आहे. आई म्हणाली, बरं बाई.
माहितीपुस्तिका पूर्ण वाचली. बाबांची शिकवण: उघडण्याआधी वाच, उघडताना चित्र काढ. त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सातव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसून शिकले. काम बाकी असेल ते डाव्या वाटीत, झालेलं उजव्या वाटीत. लिनक्स आणि वही ज्यांवर लिहायची, त्या मेमरी कार्डांसाठी त्याच दोन वाट्या मांडल्या. टीव्हीमुळे मला टेबलाच्या या बाजूला बसावं लागतं आणि बाबा समोर. बाकी सगळं दुकानातल्यासारखं.
एक आढळलं. या कॉम्प्युटरात घड्याळाची बॅटरी नाही. प्लग काढला की वेळ थांबते, लावला की तिथूनच पुढे सुरू. इंटरनेट दिलं तर आपोआप सुधारते, पण सुरक्षिततेसाठी मी ते देणार नाही. किरकोळ बाब. तरी चिठ्ठी लिहून कॉम्प्युटरच्या डबीखाली चिकटवली.
बाबा पोट धरून हसले. म्हणाले, शोभतो आपल्या घरात. भिंतीवर गिऱ्हाइकांनी न नेलेली नऊ घड्याळं आहेत, नऊही बंद. वेळ आम्ही माझ्या फोनवर बघतो.

७ मार्च, शनिवार
पहिलं लिनक्स पहिल्या फटक्यात चाललं. पण नुसतं बसल्या बसल्या १९० एमबी मेमरी खातं. दुसरं १२० मध्ये भागवतं. पहिलं पुसलं.
सर्व्हरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, चाललं होतं ना? मग हात कशाला लावलास? ही बेफिकिरी मला जमत नाही. त्याचा लॅपटॉप मात्र उसना आणला आहे, कार्डं लिहायला. २० तारखेला परत देईन असा शब्द दिला.

१० मार्च
तिसरं. ६१ एमबी! मेनू नाही, माउस नाही, काळा पडदा, पांढरी अक्षरं. डोळे भरून आले. वही अजून दिसत नाही, कारण चित्रं दाखवणारा प्रोग्राम टाकला की ९० होतात. विचार चालू आहे.

१२ मार्च
प्रोग्राम टाकला. तत्त्वाला मुरड घालावी लागली.
जेवणाच्या सुट्टीत, परवानगी काढून, वहीची २१२ पानं ऑफिसात स्कॅन केली. कार्डावर घेतली आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लगेच पुसली. खासगी काम ऑफिसच्या जागेत ठेवणं बरं नाही.

१४ मार्च, शनिवार
यश! प्लग लावला की थेट वही. अक्षरं अंगठ्याएवढी. बाबा पडद्याला नाक लावून वाचू लागले. मोठ्या चाकाच्या पानावर आले आणि तिथेच रमले. मी चहा ठेवायला आत गेले.
बाहेर आले तर बाबा तसेच बसलेले, पडदा काळा. हळू आवाजात त्यांनी आईला विचारलं, दिवे गेलेत, की माझी नजर गेली?
दहा मिनिटं कोणी हात लावला नाही तर पडदा आपोआप झोपतो. वीज वाचते. हा दोष नव्हे, गुण आहे. तरीही संध्याकाळी जेवण गेलं नाही. ती सेटिंग काढून टाकली.
झालेलं कार्ड मुद्दाम बाबांच्याच हातात दिलं. त्यांनी चाचपडत, मानाने वाटीत ठेवलं.

१५ मार्च, रविवार
सराव म्हणून डाव्या वाटीतल्या कोऱ्या कार्डावर आणखी हलकं, चौथं लिनक्स लिहिलं. मग उजव्या वाटीतलं झालेलं कार्ड लावलं. त्यावर काहीच नाही. कंपनीने निकृष्ट कार्ड दिलं आहे. तक्रारीचा मसुदा तयार केला.

१६ मार्च
किंवा आईने पुसताना वाट्या हलवल्या. विचारलं. ती म्हणाली, तुझ्या वाट्यांना मी कशाला हात लावू, आमटीला वाटी नाही घरात.

१७ मार्च
आज जेवताना बाबांनी उजव्या हाताने पेला उचलला. तो माझ्या डावीकडे होता.
बाबा समोर बसतात. त्यांची उजवी वाटी ती माझी डावी. झालेलं कार्ड मीच पुसलं. बाबांना सांगितलं नाही. त्यांनी नियम पाळला होता.
तक्रारीचा मसुदा फाडला.

१८ मार्च
पुन्हा स्कॅन करायला हवं, पण वही जागेवर नाही. ती आईच्या मांडीवर. दुपारी मी ऑफिसात असते तेव्हा ती बाबांना वाचून दाखवते म्हणे. अक्षर लागत नाही म्हणून त्यांना टोचते, की हे काय लिहिलंत, मुंग्या चालल्यात? आकृत्यांसाठी तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करने चाकं काढली आहेत, ताटाएवढी. काळ्या पेनाने दाते, लालने खुणा.
ठीक आहे. तात्पुरती सोय म्हणून वाईट नाही.

१९ मार्च
वही एका दिवसासाठी मागून नेली. आई म्हणाली, संध्याकाळी आण हो, आमचं पान १९० चाललंय.

२० मार्च
सगळी पानं नव्या कार्डावर. लॅपटॉप परत केला. शब्द म्हणजे शब्द.

२२ मार्च, रविवार
सकाळी ९.००
फोन बघून कॉम्प्युटरची वेळ लावली, आता तीच बघायची. फोन आईकडे दिला, इंजिनिअर त्यावर फोन करणार आहे. तिघांनी अडीचला निघायचं. टीव्ही हातगाडीवरून न्यायचा, मनोऱ्याच्या पायथ्याशी जोडायचा. गाडीवाल्याशी बोलले आहे.

१०.१०
पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण येते. चार्जर कमी पडतो. कॉम्प्युटर ८८ व्या पानावर अडकला. प्लग काढला, थंड होऊ दिला, लावला.

११.२५
पुन्हा ८८. प्लग काढून सगळे सांधे पुसले.

१२.४०
सहाव्यांदा प्लग काढून लावला. आई पदराला हात पुसत आली, म्हणाली, चल, निघायचं. ऊन लागलं असावं तिला. म्हटलं, अजून जवळजवळ दोन तास आहेत, पुढे व्हा, मी टीव्ही घेऊन येते. बाबा म्हणाले, सावकाश ये. आईच्या काखेत वही आणि कॅलेंडरची गुंडाळी.

२.०५
चाललं! पान ८८, ८९, ९०. वेळ हातात आहे. गाडीवाल्याला अडीच सांगितलंय, पण तो उशीर करणारच. लोकांना वेळेची किंमत नाही.

२.१०
मनोऱ्याचे ठोके! चार महिन्यांनी! एक, दोन, तीन, चार. खिडकीशी धावले.
पण चार कसे? बाबांचा हात चुकला. दोनला चार वाजले, मग तीनला इंजिनिअरसमोर काय होणार? पडद्यावर वही दिसली असती, तर असं झालं नसतं.

२.१५
डबी उचलली. खाली माझ्याच सुवाच्य अक्षरात: ‘वेळ विश्वासार्ह नाही.’

संध्याकाळी, मनोऱ्याप्रमाणे सात
यंत्र राहणार. इंजिनिअरने बाबांना वाकून नमस्कार केला आणि आईचं कॅलेंडर मागून नेलं. आई पायथ्याशी उभी राहून मोठ्याने वाचत होती, बाबा वरून ओरडत होते, पुढचं वाच, पुढचं! तिचा घसा बसला आहे. गाडीवाला अडीचला, हे दोघं निघाल्यावर येऊन, कडी वाजवून गेला. मी त्याला अवेळी आलेला विक्रेता समजून दार उघडलं नव्हतं.
बाबांनी विचारलं, झालं का तुझं? म्हटलं, होत आलंय.
ते उठले, टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसले, दुकानात बसायचे तसे. चाचपडत डबी उचलली, प्लग काढला, आणि ती डाव्या वाटीत ठेवली.