लाल पट्टी, पांढरी पट्टी

३ मार्च, शुक्रवार

डोकं घालायला जागाच नाही अशा शर्टाला चेन लावून घ्यायला आज एक माणूस आला. काळा कुळकुळीत शर्ट, दोन बाह्या, बाकी नुसती पिशवी. आईनं मशीनवरून मान वर न करता विचारलं, "कोणाच्या मापाचं आहे हे?" धाकटा भाऊ लगेच, "बिनडोक माणसाच्या."

तो माणूस कॅमेरामन निघाला. दोन्ही बाह्यांतून हात घालायचे आणि आत अंधारात कॅमेऱ्यात घालायची फिल्म भरायची. खरी फिल्म — रिळाची! उजेडाचा एक ठिपका आत गेला की सगळं रीळ वाया.

आईनं चेन बदलली. मी पिशवी दिव्यासमोर धरली तर बाहीच्या शिवणीतून सुईच्या भोकांएवढा उजेड येत होता. मी बोलले नाही, बोट लावून दाखवलं. आईनं आतून आणखी एक थर घातला.

तो बघत होता. म्हणाला, "ही काय करते?"

"नववीतून घरी बसलीय दोन वर्षं. एक एप्रिलपासून बसवणार मशीनवर. बोलत नाही फारशी."

"अंधारात बोलावं लागत नाही. माझा फिल्म भरणारा पळालाय. पाठवता का?"

आई हसली. मला वाटलं नाहीच म्हणणार. पण म्हणाली, "तोवर बघू दे चार दिवस. घरात तरी काय उजेड पाडतेय."

मी तिथेच उभी. कान गरम!

४ मार्च

त्यांची खोली म्हणजे नुसत्या पेट्या. पेटीत स्पंज, स्पंजात कॅमेऱ्याच्या आकाराचा खड्डा. मी त्यांना काका म्हणायचं ठरलं.

फिल्म कॅमेऱ्यात सरळ जात नाही. आधी एका काळ्या खोक्यात भरायची, मॅगझीन म्हणतात. मग ते खोकं कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवायचं. त्याला दोन कप्पे. एका कप्प्यात कोरं रीळ, टोक फटीतून बाहेर काढायचं, बोटभर सैल ठेवायचं, परत दुसऱ्या कप्प्यात नेऊन गुंडाळीला लावायचं. सैल नाही ठेवलं तर फाटते. जास्त ठेवलं तर खरवडते.

काकांनी एक खराब रीळ दिलं सरावाला. आधी डोळे उघडे, मग मिटून, मग पिशवीत. पिशवीत पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली. कोपरापर्यंत घाम. पण जमलं! फिल्मची एक बाजू गुळगुळीत, दुसरी किंचित चिकट. हाताला कळतं ते. मी डोळे छताकडे लावून बसले होते आणि मला सगळं दिसत होतं.

७ मार्च

नऊ मिनिटं.

८ मार्च

साडेसहा!! घरी येऊन डोळे मिटून सुईत दोरा ओवून दाखवला. धाकटा म्हणाला, "आता डोळे मिटून भांडी घास, म्हणजे खरकटं राहिलं तर तुला दिसायला नको."

शाळेत उभं करून वाचायला सांगायचे तेव्हा घसा बंद व्हायचा. अक्षरं समोर, येत पण होती, आवाज नाही. मागच्या बाकावरून "मुकी, मुकी". नववीत एक दिवस दप्तर घेऊन निघाले आणि शाळेच्या गेटावरूनच परत आले. दुसऱ्या दिवशीही. मग आईनंच उठवायचं सोडलं.

पिशवीत हात असले की लोक पिशवीकडे बघतात. तोंडाकडे कोणी बघत नाही.

११ मार्च

आज कळलं फिल्म कशाची आहे. बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं! ते वीस तारखेला पाडणार, त्याची. दिग्दर्शक बाई आहेत, सगळे ताई म्हणतात. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधतात. मला म्हणाल्या, "धुराडं एकदाच पडतं. पुन्हा पड म्हणून सांगता येत नाही."

काकांनी आणखी एक सांगितलं. एप्रिलमध्ये ते तीन महिने बाहेर जाणार, जहाजं तोडतात त्या किनाऱ्यावर फिल्म करायला. एक लोडर न्यायचा आहे. लोडर म्हणजे मी जे करते ते. "हे काम नीट पार पाडलंस तर विचार करू."

मला जायचंय. आईला अजून सांगितलं नाही. आईनं माझ्यासाठी जुनी मशीन तेल घालून ठेवलीय.

१५ मार्च

पट्ट्यांचा नियम. कोऱ्या रिळाच्या डब्याला पांढरी चिकटपट्टी. चित्रण झालं की लाल. त्यावर नंबर, तारीख. "पट्टी लावल्याशिवाय हात दुसऱ्या कशाला लागला नाही पाहिजे," काका म्हणाले. "नाक खाजलं तरी नाही."

का, तर झालेलं रीळ आणि कोरं रीळ हाताला सारखंच लागतं. वजन सारखं. उघडून बघावं म्हटलं तर बघण्यानंच मरतं. चुकून झालेलं रीळ पुन्हा कॅमेऱ्यात गेलं तर एकावर एक दोन चित्रं — दोन्ही गेली. आणि लॅबमध्ये धुऊन येईपर्यंत कोणालाच पत्ता नाही.

"मग कोणाला माहीत असतं?" हे मी विचारलं! तोंडानं!

"भरणाऱ्याला. फक्त."

अर्धंच वापरलं तर उरलेलं कापून पुन्हा डब्यात. त्याला तुकडा म्हणायचं. तो कोराच, म्हणून पांढरी पट्टी.

१८ मार्च

आज कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगाराचं चित्रण, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. चाळीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. कारखान्याच्या अंगणात खुर्ची, मागे सबंध धुराडं. कॅमेरा चालू झाला की आईच्या मशीनसारखा आवाज, फक्त मऊ. मी मागे उभी राहून ऐकलं.

"मी त्याला खाऊ घातलं, त्यानं मला." मग खोकले. "घरच्यांपेक्षा जास्त वेळ मी याच्या तोंडाशी होतो. बायको म्हणायची, सवत आहे काळी."

ताईंनी विचारलं, पाडताना बघायला येणार का?

"परवा? नाही. परवा मला दाढी करायचीय."

सगळे हसले. ते नाही.

त्यांचं रीळ जराही उरलं नाही, पूर्ण झालं. साडेपाच मिनिटांचं छोटं रीळ होतं ते. लाल पट्टी. आधीच्या दिवसाचा तेवढाच एक तुकडा होता, पांढरी पट्टी. दोन्ही पेटीत शेजारी ठेवले. लाल डावीकडे.

१९ मार्च

धुराड्याच्या पायथ्याला खाच पाडतायत. विटांची भुकटी सगळीकडे — केसांत, चहात, पापण्यांवर. काका लेन्सना लहान बाळासारखं गुंडाळून ठेवतायत. उद्या!!

२० मार्च, सोमवार

सगळं नीट लिहायचं. क्रमानं.

सकाळी गाडीत पेटी उघडली. दोन डबे नुसतेच, वर पट्टी नाही. दोन्ही पट्ट्या पेटीच्या तळाला, भुकटीत माखलेल्या. धुळीवर चिकटपट्टी टिकत नाही हे मला कळायला पाहिजे होतं, शिंप्याच्या घरची आहे मी. खडूच्या पुडीवर काही चिकटतं का कधी? डबे रस्त्यानं इकडचे तिकडे झाले होते. डावीकडचा लाल — पण पेटी गाडीत उलटी फिरवून ठेवली असली तर?

मी डबे पुसले. डावीकडच्याला लाल लावली, उजवीकडच्याला पांढरी. कोणाला बोलले नाही. सगळे घाईत होते. हे कारण नाही, पण होते.

दोन कॅमेरे. मोठा लांब, गच्चीवर, त्यात नवीन मोठं रीळ. छोटा एकदम जवळ, लोखंडी खोक्यात पुरलेला, फक्त भिंग बाहेर. धुराडं त्याच्याच अंगावर येणार. ताईंना तेच चित्र हवं होतं. त्यात तो पांढऱ्या पट्टीचा तुकडा मी भरला. चार मिनिटांत. काका म्हणाले, "शाब्बास." तेव्हा तर बोलायला हवं होतं. शाब्बासनं तोंड आणखी बंद झालं.

पहिला भोंगा. माणसं मागे. तीन भोंगे झाले की सुरुंग. मी दोरीच्या अलीकडे उभी आणि मला नुसते आजोबा दिसत होते, खोक्यात, अंधारात, खुर्चीवर बसलेले. आणि त्यांच्यावर धुराडं पडणार.

मी हात वर केला. वर्गात करतात तसा! कोणी बघितलं नाही. चाळीस माणसं, सगळी वर बघतायत.

मग मी म्हटलं, "थांबा." ते मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा ओरडले आणि आवाज फाटला.

पाडणाऱ्यांचा मुकादम, पिवळ्या टोपीवाला, धावत आला. "काय झालं? कोणी आत राहिलंय?"

"काका, त्या कॅमेऱ्यात कदाचित आजोबा आहेत."

मुकादम घाबरून खोक्याकडे बघायला लागला. काकांना लगेच कळलं. पट्ट्या निघाल्या होत्या, मी अंदाजानं लावल्या, सगळं सांगितलं, एका श्वासात.

"कदाचित की नक्की?"

"माहीत नाही."

काकांनी पेटीत एक नजर टाकली. मग मुकादमाला, "दहा मिनिटं द्या."

"आता धुराडं पोरींना विचारून पाडायचं का? माझी माणसं पहाटेपासून उभी आहेत."

"इतकी वर्षं उभं आहे ते. दहा मिनिटं उभं राहील."

राखीव एकच नवीन रीळ होतं, उद्यासाठीचं. तेच काढलं, आणि काकांनी खोक्यातल्या कॅमेऱ्याचं मॅगझीन माझ्यापुढे आणून ठेवलं. मी जमिनीवर बसले, पिशवी मांडीवर, आणि अख्खी दोरी माझ्याकडे बघत होती. पिशवीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. कोणीतरी म्हणालं, "बाळंतपण चाललंय का आत?" लोक हसले. आधीचं रीळ काढून डब्यात. टोक, फट, बोटभर सैल, गुंडाळी, झाकण. साडेतीन मिनिटं! आजवर कधीच नाही जमलं इतक्यात.

काका खोक्याकडे पळत गेले, पळत आले. तीन भोंगे. आधी आवाज आलाच नाही. धुराडं जरा वाकलं, कोणीतरी हाक मारल्यासारखं. मग मधूनच मोडलं आणि आलं — आणि मग आवाज, पायातून वर. धूळ आमच्यापर्यंत. ताई धुळीत उभ्या राहून रडत होत्या आणि हसत होत्या. मीही!

काढलेलं रीळ आणि लाल पट्टीचं रीळ, दोन्ही लॅबला पाठवायची. तिथे कळेल.

२१ मार्च

राखीव रीळ कशासाठी होतं ते आज समजलं. रिकाम्या जागेसमोर आजोबा, दाढी केलेले. फिल्मचा शेवट. आजोबा खुर्चीवर येऊन बसले आणि फिल्म नाही. मोठ्या कॅमेऱ्यातलं संपलं, काढलेल्या रिळाची खात्री नाही, छोट्यातलं पूर्ण पळून गेलं, बंद करायला तिथे कोण होतं. नवीन रीळ यायला तीन आठवडे. आजोबा उद्या मुलीकडे राहायला चालले, कायमचे.

ताई मला रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. "शेवट गेला माझा," एवढंच.

पण कालच्या रिळात आजोबा असतील, तर मी त्यांना वाचवलं. असतील. असायलाच पाहिजेत.

२५ मार्च

लॅबचं काही नाही. आईनं दोन ब्लाऊजच्या बाह्या शिवायला दिल्या. सरळ आल्या. आईला आनंद झाला आणि मला वाईट वाटलं.

आईला जहाजांचं सांगितलं. म्हणाली, "तीन महिने? कोणाबरोबर, कुठे, झोपणार कुठे? आणि तिथे बोलणार कोण तुझ्या वतीनं?" मी काकांना हेच सगळं विचारून इथे वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलं.

३० मार्च

लॅबचा निरोप आला. लाल डब्यात आजोबा, अगदी स्वच्छ. कॅमेऱ्यातून काढलेलं रीळ कोरं. पट्ट्या बरोबरच लावल्या होत्या मी.

म्हणजे काही चुकलंच नव्हतं. उगाच ओरडले. उगाच चाळीस माणसं थांबवली, आणि ताईंचा शेवट खाल्ला.

धुराड्याचं चित्र जबरदस्त आलंय म्हणे. मला फोनवर नीट ऐकू आलं नाही.

३१ मार्च

संध्याकाळी काका घरी आले. मी आतल्या दाराआड. पिशवी परत द्यायची होती, ती हातात धरून. आईनं मशीन थांबवली नाही. विचारलं, "रीळ कोरं निघालं ना? मग कशाला आलात? नक्की करते तरी काय ही तुमच्याकडे?"

"काम थांबवते," काका म्हणाले. "भरणारे पुष्कळ मिळतात. खात्री नसताना थांबवणारं मला वीस वर्षांत मिळालं नव्हतं."

मशीन थांबली.

आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाली, "बायका किती आहेत तुमच्यात? आणि निघायचं कधी?"

"तिलाच सांगू दे," काका म्हणाले.

मी बाहेर आले आणि सांगितलं.